घरटी एक गडी

मथुरेला कुणी साल विचारले, की ती बांधावरून सांगायची. "मी लगीन होवन इलंय, त्या वर्साक दिवाळीनंतर आठव्या दिसाक बांध घातलो." नाहीतर मुलीच्या जन्माचे साल सांगताना, "माझां चेडू झालां, तेव्हा बांध दोनदा फुटलो, लक्षात नाय तुझ्या?" घरात कॅलेंडर नव्हते असे नाही. चांगले गुळगुळीत कागदाचे, तेलाच्या विहिरीचे चित्र असलेले, कुवेतहून आलेले कॅलेंडर माजघराच्या भिंतीवर होते. पण ते शोभेपुरते. सातेरीवाडीचे वर्ष व्हाळावर मोजायचे असते, हे तिला पहिल्याच वर्षी कळले होते.

धामापूरच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत बावीस घरांची ही वाडी. खाली मळा आणि मळ्याच्या उशाशी व्हाळ, म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. पावसाळ्यातले भात काय, ते सगळ्या कोकणात होते. पण इथे दिवाळी झाली की व्हाळाला आडवा बांध घालायचा, तुंबलेले पाणी पाटाने मळ्यात फिरवायचे आणि दुसरे पीक घ्यायचे. त्याला वायंगण म्हणतात. वायंगण साधले तर वर्षभर घरचा भात, नाही साधले तर शिमगा सरला की मालवणच्या बाजाराकडे तोंड.

त्या बांधाला चुना लागत नसे की वीट लागत नसे. खुंट, चिरे, माती आणि पेंढा. दर वर्षी तो घालायचा आणि मृगाच्या पहिल्या लोंढ्याने दर वर्षी तो फोडून न्यायचा. त्यात कुणाला वाईट वाटत नसे. उलट वेळेवर फुटला नाही तर म्हातारी माणसे काळजीत पडत. नियम एकच होता: घरटी एक गडी, दिवस चार. मजुरी नाही, उसनवारी नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला नारळाचा तुकडा आणि गुळाचा खडा.

बावन्न साली मथुरा मिठबावहून इथे आली. समुद्राकाठची पोर. लाटा तिने जन्मापासून पाहिल्या होत्या, पण दर्याला कुणी अडवत नाही. वाहते पाणी माणसांनी थांबवलेले तिने कधी पाहिले नव्हते. म्हणून बांध घालायच्या दिवशी डोईवरचा पदर दातात धरून ती बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत पुढे जाऊन उभी राहिली.

आधी गाऱ्हाणे झाले. वाडीच्या मानकऱ्याने, काशिनाथ गावकराने, राखणदार देवाच्या दगडापुढे नारळ ठेवला आणि एकेका घराचे नाव पुकारले. "वरचां घर!" "आसंय म्हाराजा!" "आवाटातलां घर!" "आसंय म्हाराजा!" "फणसाकडलां घर!" आणि तिचा नवरा लवू, लग्नाच्या पहिल्याच वर्षातला, छाती काढून म्हणाला, "आसंय म्हाराजा!" बावीस घरे, बावीस गडी. मग काशिनाथाने सूर चढवला, "बा राखणदारा म्हाराजा, सालाबादपरमाणे ह्यो बांध आज आमी घालतंव, तेका तुझी राखण आसूं दी रे म्हाराजा!" आणि बावीस गळ्यांतून एकदम निघाले, "व्हय म्हाराजा!" समोरच्या डोंगराने तेच पुन्हा म्हटले. मथुरेच्या अंगावर काटा आला.

दोन्ही काठांकडून बांध मध्याकडे येत गेला. चौथ्या दिवशी मध्ये एवढेसे तोंड उरले आणि सगळा व्हाळ त्या तोंडातून फुसांडत जाऊ लागला. त्या तोंडाशी दाजी उभा होता. बांध कुठे घालायचा, खुंट किती खोल जायला हवा, तोंड कधी बुजवायचे, हे सारे दाजीला ठाऊक आणि दाजीच्या बापाला ठाऊक होते. तो टाचेने व्हाळाचा तळ चाचपत होता, कान वाकडा करून पाण्याचा आवाज ऐकत होता. एकाएकी त्याने हात वर केला. "आता!" बावीस गडी एकदम तुटून पडले. चिरे, पेंढा, मातीच्या पाट्या. बघता बघता तोंड मिटले.

आणि व्हाळ गप्प झाला.

आषाढापासून कानात भरून राहिलेला तो आवाज नाहीसा झाला, तेव्हा आपण इतके दिवस तो ऐकत होतो हे मथुरेला कळले. बांधाच्या खालच्या अंगाचे दगड उघडे पडले. बाया तिथली चिंगळे, बारकी कोळंबी, ओच्यात वेचायला धावल्या. ती एकटी जागच्या जागी उभी.

"काय बगतंस गो, लवूच्या बायल?" दाजी चिखलाचे पाय निपटत म्हणाला. "चिंगळां पुंजावची सोडून?"

"पाणी खंय गेलां, तां बगतंय."

दाजी हसला. "जातलां खंय? थांबलां. इचार करता, खंयसून जावचां तां."

पाण्याने बराच वेळ विचार केला. मग बांधाला अंगठाभर चढले, मग वीतभर, आणि मग पाटाच्या तोंडाशी येऊन, परक्या घरात पाऊल टाकावे तसे, हळूच मळ्यात शिरले.

दुसऱ्या वर्षी लवू कुवेतला गेला. वाडीतला पहिला तो नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत आधीच चारजण होते, दाजीचा मुलगा सत्यवान बोटीवर आगवाला होता. पण दर्यापार जाऊन तेलाच्या कंपनीत लागणारा लवू पहिला. मालवणच्या बंदरात पडावात बसून तो मोठ्या बोटीकडे गेला, तेव्हा मथुरा बंदरावर उभी राहून पडावाच्या वल्ह्यांकडे बघत होती. परत आली ती थेट व्हाळावर जाऊन बसली. सासू हौसाबाई जेवायला वाढून थांबली फक्त.

त्या वर्षी गाऱ्हाण्याला प्रश्न पडला. फणसाकडल्या घराचा गडी कोण? हौसाबाईचा नवरा कधीच वारलेला. काशिनाथाने बराच विचार केला आणि तोड काढली. "गडी नाय तर गड्याची बदली द्या." हौसाबाईने फणसाच्या पानावर पाच रुपयांची नोट ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवला. पुकारा झाला. कुणीच ओ दिली नाही. काशिनाथ स्वतःच हळू आवाजात म्हणाला, "बदली आसा म्हाराजा." आणि पुढच्या घराकडे वळला.

तिथून पुढे मथुरेने वर्षे पाहिली ती पानांवर. चोपन्न साली चार पाने. अठ्ठावन्नला नऊ. पैसा येत होता, आणि तो खोटा नव्हता. गवताची आणि माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांची छपरे गेली, मंगळुरी कौले आली. लवू तीन वर्षांनी दोन महिन्यांसाठी यायचा तो आंब्याच्या दिवसांत, आणि त्याची पेटी उघडली की आसपासच्या आवाटातली बायामाणसे ओटीवर गोळा होत. बॅटरी निघे, नायलॉनची साडी निघे. एकदा थर्मास निघाला. हौसाबाईने त्यात सकाळची पेज भरून ठेवली, दुपारी झाकण उघडले तर वाफ! म्हातारी दोन पावले मागे सरकली. "शिरा पडो, ह्येच्यात चूल आसा काय रे लवू?" मुलगी शाळेत जाऊ लागली, हौसाबाईच्या गुडघ्यावर मालवणच्या डॉक्टरची सुई आली. मथुरेने ह्या कशालाच कधी नावे ठेवली नाहीत.

पण बासष्ट साली राखणदारापुढे सोळा पाने होती, आणि उभे गडी सहा. सहातले दोघे साठीच्या पुढचे. सोळा पानांवर सोळा दगड, दगडांखाली नोटा फडफडत होत्या. काशिनाथाने गाऱ्हाणे घातले, "व्हय म्हाराजा" म्हणायला सहा गळे, आणि डोंगराने त्या वेळी उत्तरच दिले नाही. त्या पैशांत घाटावरून मजूर आणले. त्यांनी मन लावून काम केले, पण दाजीचा हात वर होण्याआधीच तोंड बुजवले. तिसऱ्या दिवशी बांध खचला.

ही हकिगत पत्रातून कुवेतला गेली. लवूचे उत्तर आले. त्याला गावाची ओढ होती, त्याच्या पत्रात नेहमी व्हाळ असे. इथे वाळूशिवाय काही नाही, पाणी टाकीतून मोजून मिळते, झोपताना कानात व्हाळ वाजतो, असे तो लिही. ह्या वेळी त्याने लिहिले होते, "बांध दर वर्षी घालायचा कशाला? इथे सिमेंटच्या भिंती बघतो. आम्ही कुवेतवाले चौघे आणि मुंबईकर मिळून पैसे काढतो. एकदाच पक्का घालू. वाडीचा त्रास कायमचा मिटेल."

वाडीला केवढा आनंद झाला! त्रेसष्टच्या चैत्रात ठेकेदार आला, सिमेंटची पोती आली, आणि वैशाखात व्हाळात पुरुषभर उंचीची पांढरी भिंत उभी राहिली. लवू रजा घेऊन आला होता. भिंत ओली असतानाच पैसे देणाऱ्यांची नावे तिच्यावर कोरली. सगळ्यांत वर काशिनाथाच्या मुलाचे, सगळ्यांत खाली लवूचे. "सगळ्यांत खाली कित्या?" मथुरेने विचारले. "मी लिवणारो," लवू म्हणाला, "लिवणाऱ्यान आपलां नाव शेवटाक घालूचां." तिला तो त्या दिवशी फार आवडला.

दाजी काठी टेकत आला. त्याच्या डोळ्यांत तेव्हा नुकता मोतीबिंदू उतरू लागला होता. "तोंड खंय?" त्याने विचारले. ठेकेदाराने मध्ये ठेवलेली दोन हातांची खिडकी दाखवली, फळ्या घालायची. दाजीने काठीने ती मापली. "ह्यां तोंड न्हय रे, ह्यां नाक. व्हाळाक पडसां झालां मगे काय करशात?" सगळे हसले. दाजी हसला नाही. तो घरी गेला आणि परत त्या भिंतीकडे फिरकला नाही.

व्हाळाला पडसे झाले. श्रावणात डोंगरातून कुड्याचे एक आख्खे झाड मुळांसकट वाहत आले आणि त्या खिडकीत बसले. पाण्याने थोडा वेळ विचार केला. मग पूर्वेचा काठ खाल्ला. दुपारपर्यंत मथुरेच्या मैत्रिणीचा, सुगंधेचा, बारा मण भात देणारा कुणगा, मळ्यातला तिचा शेताचा तुकडा, मालवणच्या खाडीच्या वाटेला लागला होता. पाऊस ओसरला तेव्हा दिसले ते असे: भिंत जशीच्या तशी, तडासुद्धा नाही, आणि व्हाळ तिला वळसा घालून बाजूने मजेत चाललेला.

"कुवेतचो नवरो," सुगंधा म्हणाली. तिचा नवराही त्या भिंतीवर होता, वरून तिसरा. "बाशिंग बांदून उबो आसा, आणि वऱ्हाड गेलां दुसऱ्या वाटेन!" ती हसली आणि तशीच काठावर बसून रडली. सगळी वाडी तेव्हापासून भिंतीला नवरोच म्हणू लागली.

दोन वर्षे वायंगण झाले नाही. मळ्यात गवत वाढले, गवतात निवडुंगाचे पहिले फडे दिसले. कुणाला फारशी झळ लागली नाही, कारण मनीऑर्डर येत होती आणि बाजारात तांदूळ होता. मग पासष्ट साल उजाडले. पाऊस आला आणि आश्विनाआधीच निघून गेला. पावसाळी भात अर्धे पोचट. आणि दिवाळीच्या तोंडावर मथुरा मालवणला गेली, पिशवीत नोटा घेऊन, तर दुकानदाराने दोन्ही हात जोडले. "पैसे नको वहिनी. माल असता तर दिला नसता का?" रेशनवर मिलो होता. लालभडक, परदेशातून आलेली ज्वारी. हौसाबाईने त्याची भाकरी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि गायीला घातली. गायीने हुंगली आणि मान फिरवली.

"गाय शाणी," हौसाबाई म्हणाली. मग तीच भाकरी पाण्यात बुडवून तिने खाल्ली.

त्याच आठवड्यात लवूचे पत्र आले. मथुरा चौथी शिकलेली, पत्रे तीच वाचायची. "मुंबईत परळला चुलतभावाकडे जागा आहे. आई, मुलगी आणि तू तिथे जा. जमीन पडली तर पडू दे. तिथे निदान पीठ मिळेल. मार्गशीर्षात बोटीची तिकिटे काढायला सांगतो." पत्र वाचून झाले तरी ती घडी घालेना. चुलीतले लाकूड विझले.

"मी खंय येवचंय नाय," हौसाबाई म्हणाली. "तू जा. माका मगे व्हाळात सोडा."

मार्गशीर्षाला महिना उरला होता. बांध उभा राहिला तर वायंगण, वायंगण झाले तर घर. एवढा सरळ हिशेब मथुरेच्या पुढ्यात होता. ती उठली आणि दाजीच्या घरी गेली.

दाजी खळ्यात उन्हाला बसला होता. डोळे आता पांढरे झाले होते. तिच्या पावलावरून त्याने ओळखले. "लवूच्या बायल, ये."

"दाजीनू, बांध घालूचो आसा."

"कोणी? वाडीत गडी खंय आसत? पाच उरले, तेतूर मी आंधळो."

"बायलो आसत."

दाजीने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "बांध घालताना बायलमाणसान बांधार पाय ठेवूचो नाय. माझ्या बापाशीन सांगलेली रीत ती."

"घरटी एक गडी, ही पण तुमच्या बापाशीचीच रीत ना? माझ्या घरातलो गडी मी. दुसरो आसा काय कोण? दाखवा, मी घराक जातंय."

दाजीच्या ओठांच्या कडा हलल्या. "बायलमाणसाचां पाणी आयकात काय, तां माका ठावक नाय गो बाये."

"मगे तेकाच इचारूया," मथुरा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती दाजीला हाताला धरून व्हाळावर नेऊ लागली. तो विचारायचा, ती बघून सांगायची. पाणी कुठे काळे दिसते, कुठे हिरवे? फेस कोणत्या काठाला जमतो? ती लुगडे खोचून पाण्यात उतरायची, टाचेने तळ चाचपायची. रेती कुठे संपते, कातळ कुठे लागतो. "टाच बोलता काय?" दाजी काठावरून विचारायचा. पहिले दोन दिवस टाच काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रेतीखाली काहीतरी कठीण, थंडगार, काठापासून भिंतीपर्यंत सलग लागले, आणि ती ओरडली, "कातळ, दाजीनू! नवऱ्याच्या पायापासून पूर्वेच्या दरडीपर्यंत!"

"नवऱ्याचां नाव माझ्याफुडे घेव नको."

"घेतलंय. आयका तरी. भित हललेली नाय. व्हाळ खंयसून जाता? भितीच्या आणि दरडीच्या मदल्या वाटेन. बारा हात. फकत बारा हात दाजीनू! आदी तुमी कितको बांध घालीत होतास?"

"साठ हात."

"ते साठ हात लवून सिमिटान घालून ठेवले. तुमचां तोंड नाय म्हणून व्हाळान आपलां तोंड आपणच पाडून घेतलां. तां बुजवूचां, आणि पावसात फुटूक देवचां."

दाजी उठला. तिचा हात सोडून, काठी पुढे टाकत, दोन वर्षांत प्रथमच तो भिंतीपाशी गेला. तळवे टेकून त्याने ती वरपासून खालपर्यंत चाचपली. बोटे कोरलेल्या अक्षरांवरून फिरली. मग तो एकाएकी हसू लागला, खोकला येईपर्यंत हसला. "मेल्यांनी पायो मातर बरो घातलो गो!"

गाऱ्हाण्याच्या दिवशी राखणदारापुढे पाने मांडली गेली. सतरा पाने. उभे गडी पाच, त्यांत दाजी धरून. बायका नेहमीसारख्या मागे. काशिनाथाचा आवाज आता बसला होता.

"फणसाकडलां घर!"

मथुरा पुढे आली. पानावरचा दगड तिने बाजूला केला, नोट उचलून कनवटीला लावली आणि त्या पानाच्या जागी स्वतः उभी राहिली. "आसंय म्हाराजा."

उभ्या गड्यांत बाबली होता, लवूच्या वयाचा, एका पायाने अधू म्हणून गावात राहिलेला, पण जिभेने धडधाकट. "अरे वा! घोव कुवेतात तेल काढता, बायल हंय चिखल काढतली. उद्या काशिनाथ चुलीकडे बसान चिंगळां निवडतलो!"

"निवडूक येतत काय तेका?" हौसाबाई मागून म्हणाली. "तुका तर खावकच येतत रे बाबल्या."

हसू फुटले आणि लगेच विरले. काशिनाथ घामाघूम झाला होता. नियम तर नियमच, पण हे राखणदारापुढे चालेल का? त्याने दाजीकडे पाहिले. दाजीला ते पाहणे दिसत नव्हते, पण कळले. तो शांतपणे म्हणाला, "फुडचां घर घे."

काशिनाथाने पुढचे नाव पुकारले. "आवाटातलां घर!" पानावरची नोट उचलली गेली. सुगंधा उभी राहिली. "आसंय म्हाराजा." "वरचां घर!" "आसंय म्हाराजा." एकेक दगड बाजूला होत गेला. सतरा पाने रिकामी झाली. काशिनाथाने डोळे मिटून सूर लावला आणि म्हटले, "...जी लेकरां हंय आसत तेंका बळ दी, जी दर्यापार आसत तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या वाडीत तो घोष बायकांच्या गळ्यांतून पूर्वी कधी निघाला नव्हता. तो उंच गेला, पातळ होऊन डोंगराला लागला, आणि डोंगराने तो जसाच्या तसा परत दिला.

तीन दिवस खुंट ठोकले, चिरे वाहिले. चौथ्या दिवशी चार हातांचे तोंड उरले, आणि अडचण उभी राहिली. अख्खा व्हाळ त्या चार हातांतून घुसत होता. बाईने टाकलेला चिरा तळाला टेकायच्या आधीच वाहून जाई. सगळे एकदम टाकायचे म्हटले तरी तेवढा भार हातांना पेलेना. दाजी कान लावून होता. "पाणी तापलां," तो म्हणाला. "सांजेपर्यंत तोंड बुजलां नाय, तर खुंट उपटून व्हरतलां."

सुगंधेने चिरा खाली टाकला आणि कंबरेवर हात ठेवले. "आमका चिरे उचलूक येनत नाय. आमका झापा विणूक येतत. आता कौलां इली, तां पण काम गेलां!"

ती वैतागून बोलली होती. पण मथुरा तिच्याकडे बघतच राहिली. वाडीभर माडांखाली झावळ्यांचे ढीग नुसते पडून होते. छपरांना आता त्या लागत नव्हत्या. "सुगंधा," ती म्हणाली, "सात हातांची एकच झाप विणली तर? दुहेरी. आत माती, पेंढा भरून वळकटी करूची, आणि सगळ्यांनी लोटूची."

बायकांची बोटे चालू लागली ती बघण्यासारखी होती. चिरे उचलताना अवघडलेले हात आता कुणाचे कुणाला थांबेनात. ऊन कलले तोवर अजगरासारखी जाडजूड वळकटी काठावर आडवी झाली. सतराजणी तिला खांदे लावून उभ्या राहिल्या. मथुरा तोंडाशी, कमरेइतक्या पाण्यात. दाजीचा हात वर. त्याने इतका वेळ घेतला, की बाबलीसुद्धा बोलायचा थांबला.

"आता!"

वळकटी गडगडली, तोंडात बसली, आणि एका टोकाने सुटू लागली. मथुरेने पाठ लावली. सुगंधेने तिच्या पोटाला पाठ लावली, तिच्यामागे तिसरी. पाण्याचा धक्का मथुरेच्या मणक्यातून सगळ्यांच्या अंगात गेला. मग धप्पकन काहीतरी पडले. अधू पायाचा बाबली पाण्यात उतरून सुटल्या टोकावर आडवा झाला होता. "बगतास काय?" तो ओरडला. "माती घाला गो, माझ्या आवशींनो!" पाट्यांमागून पाट्या आल्या. काशिनाथ गावकर, वय अडुसष्ट, ओंजळीने चिखल टाकत होता.

आणि व्हाळ गप्प झाला.

तोच तेरा वर्षांपूर्वीचा गप्पपणा. मथुरा पाण्यातून निथळत वर आली. खालच्या अंगाला दगड उघडे पडले, त्यांत चिंगळे उडत होती, पण ह्या वेळी कुणीच वेचायला धावले नाही. सगळ्या बायका काठावर ओळीने उभ्या, हाताचा चिखल तसाच.

"काय दिसता गो?" दाजीने विचारले.

"इचार करता," मथुरा म्हणाली.

पाणी चढू लागले. अंगठाभर, मग वीतभर. भिंतीच्या पायथ्याची वाळलेली शेवाळ काळी झाली, मग पांढरे सिमेंट काळे होत वर सरकले. सर्वांत खालच्या नावाच्या पहिल्या अक्षराला पाणी लागले, मग दुसऱ्या. सगळे नाव भिजले तेव्हा पाटाच्या तोंडाशी खळखळ झाली आणि दोन वर्षांच्या गवतात पाणी शिरले. हौसाबाई तिथेच पाटाशी वाकून बसली होती. तिने पाण्यात बोटे बुडवून डोळ्यांना लावली.

आठ दिवस बांध टिकला की टिकला, अशी दाजीची रीत. म्हणून मथुरेनेही आठ दिवस पत्राला हात लावला नाही. रोज सकाळी ती भिंतीकडे जाऊन यायची आणि गवत काढायला मळ्यात उतरायची. नवव्या दिवशी, रोपांसाठी भाताचा तरवा पेरून झाल्यावर, तिने मुलीची पेन्सिल घेतली आणि माजघराच्या उंबऱ्यात बसून लिहिले:

"तिकिटे काढू नयेत. पाणी तुमच्या नावापर्यंत आले आहे. चैत्रात नवे तांदूळ होतील ते येणाऱ्याबरोबर पाठवते. मी येत नाही."